वेबसाइटचं पान पुन्हा पुन्हा जड होतंय? लक्षणं, तपासण्या आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन जुळली तर दुखणं बहुधा पानाच्या वजनाचं आहे.

ऑफिसच्या वायफायवर साइट झटकन उघडते, पण गावाकडून फोन येतो, ‘उघडतच नाही हो, नुसतं गोल फिरतंय.’

सकाळी ठीक असते, रात्री नऊ-दहाच्या सुमाराला रखडते.

मजकूर दिसायला लागतो, मग फॉन्ट बदलतो, ओळी खालीवर सरकतात आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच बटणावर पडतं.

कालच येऊन गेलेल्या माणसालाही आज पहिल्याइतकाच वेळ लागतो.

होस्टिंगची महिन्याची बँडविड्थ विसाव्या तारखेलाच संपते, येणारे लोक मात्र वाढलेले नसतात.

मागच्या वर्षी सगळं नीट केलं होतं, यंदा पुन्हा तेच.

हे शेवटचं लक्षण माझ्या सगळ्यात ओळखीचं. देवगडकडच्या एका आंबा बागायतदारांची साइट मी सांभाळते. दर मार्चमध्ये काकांचा फोन येतो, ‘अगं, गिऱ्हाईक फोन करून भाव विचारतंय. साइटवर लिहिलाय ना आपण?’ लिहिलेला असतोच. पण त्याच्या वरच्या बाजूला मोहोराचे, पेट्यांचे, अढीचे नवे फोटो चढलेले असतात, आणि भावाच्या तक्त्यापर्यंत पोचायच्या आधीच माणूस कंटाळून पान बंद करतो. हे दुखणं एकदा बरं करून संपत नाही. पानात रोज काहीतरी घालणारे हात असतात आणि वजन त्या हातांतून परत येतं. म्हणून प्रत्येक तपासणीबरोबर ते कुठल्या वाटेनं आत आलं तेही सांगते.

रात्रीच का रखडतं, तेही इथेच सांगून टाकते. आपल्याकडे बरेच लोक रोज ठरावीक जीबीच्या पॅकवर असतात. तो संपला की नेट बंद पडत नाही, पण अनेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं १ एमबी यायला १२५ सेकंद लागतात. तुमचं पान ६ एमबीचं असेल तर साडेबारा मिनिटं. तेच पान ३०० केबीचं असेल तर पस्तीस-चाळीस सेकंदांत पूर्ण येतं, आणि वरचा मजकूर त्याच्याही कितीतरी आधी. दिवसभर राबून रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइल हातात घेणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवा. पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे.

मोजल्याशिवाय कशालाही हात लावू नका

लॅपटॉपवर क्रोममध्ये इन्कॉग्निटो विंडो उघडा. ॲडमिन म्हणून लॉगिन असताना मोजू नका, कारण तेव्हा वर्डप्रेससारख्या साइट चालवणाऱ्या प्रणालीची वरची काळी पट्टी आणि तिच्या फायलीही मोजल्या जातात. एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’वर जा, ‘डिसेबल कॅश’वर टिक करा (कॅश म्हणजे ब्राउझरनं आधीच्या भेटीत साठवून ठेवलेल्या फायली) आणि पान पुन्हा लोड करा. तळाशी दोन आकडे दिसतील. ‘ट्रान्सफर्ड’ म्हणजे तारेवरून प्रत्यक्ष आलेलं वजन, ‘रिसोर्सेस’ म्हणजे ब्राउझरनं उलगडल्यावरचं. येणाऱ्याचा डेटा खर्च होतो तो पहिल्या आकड्याचा. आता ‘साइझ’ या मथळ्यावर क्लिक करा, सगळ्यात जड फाइल वर येईल. मग पान तळापर्यंत सरकवा आणि आकडा पुन्हा बघा, कारण काही फोटो सरकवल्यावरच येतात.

या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पहिल्या पाच ओळींतच बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त वजन सापडतं. लोक मात्र तो आकडा न बघता एखादं ‘स्पीड’ प्लगइन टाकून मोकळे होतात. ते प्लगइन सीएसएसमधल्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमधल्या, रिकाम्या जागा काढून दहा केबी वाचवतं आणि ४ एमबीचा बॅनर जागेवरच राहतो.

एकदा त्याच ठिकाणी नेटवर्कचा वेगही ‘स्लो ४जी’ करून पान उघडून बघा. आपल्या साइटची वाट स्वतः बघितल्याशिवाय तिचा त्रास कळत नाही.

कॉम्प्रेशन चालू आहे का?

स्क्रीन उघडीच आहे, तर हे एका मिनिटाचं काम आधी करा. यादीतल्या पहिल्या ओळीवर, म्हणजे मूळ पानावर क्लिक करा. ‘रिस्पॉन्स हेडर्स’मध्ये ‘कंटेंट-एन्कोडिंग’ अशी ओळ शोधा. जीझिप आणि ब्रॉटली या मजकूर आवळायच्या दोन पद्धती. त्या ओळीपुढे ‘जीझिप’ किंवा ब्रॉटलीची ‘बीआर’ ही खूण असेल तर सर्व्हर पान आवळून पाठवतोय. ओळच नसेल तर पूर्ण पान उघडंच येतंय. मग एक सीएसएस फाइल आणि एक जावास्क्रिप्ट (पानातली हालचाल चालवणारा कोड) फाइलही तशीच तपासा. पान आवळलेलं आणि बाकी सगळं उघडं, असं फार वेळा सापडतं. त्याचं कारण पुढे सर्व्हरच्या भागात आहे.

मराठी साइटला ही तपासणी इंग्रजीपेक्षा जास्त लागू पडते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे वेबवर अक्षरं साठवायच्या नेहमीच्या रीतीत, इंग्रजी अक्षर एका बाइटचं, आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. ऐकायला हे जड वाटतं. पण देवनागरीच्या या तीन बाइटांतला पहिला बाइट कायम एकच असतो आणि दुसरा फक्त दोनांपैकी एक. जीझिपच्या पोटातली डिफ्लेट पद्धत मागच्या ३२ केबीत तोच तुकडा दिसला की तो पुन्हा लिहीत नाही, ‘इतकं मागे जा, इतकं उचल’ एवढीच खूण ठेवते, आणि वारंवार येणाऱ्या बाइटांना छोटे संकेत देते. त्यामुळे मराठी मजकूर फार छान आवळला जातो. माझ्या अनुभवात बातमी किंवा लेखाचं पान चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं, आणि एकही वेलांटी हरवत नाही.

कॉम्प्रेशन बंद असेल तर आधी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बघा. सी-पॅनेल असेल तर ‘ऑप्टिमाइझ वेबसाइट’ या नावाखाली ‘कॉम्प्रेस ऑल कंटेंट’ असा पर्याय बहुधा मिळतो. तो निवडा, सेव्ह करा, पुन्हा मोजा. पॅनेलमध्ये तसं काही दिसलं नाही तर होस्टिंगच्या मदत कक्षाला लिहा, ‘मजकूर, सीएसएस, जावास्क्रिप्ट, जेसन आणि एसव्हीजी या प्रकारांना जीझिप चालू करून द्या.’ प्रकार नावानिशी लिहिलेत तर काम एका फेरीत होतं.

फोटो: खरं वजन इथेच असतं

साधा मोबाइल हल्ली १.२ कोटी पिक्सेलचा फोटो काढतो, ४००० गुणिले ३०००. फाइल सहज ३ ते ५ एमबीची. आता तो ज्या पडद्यावर दिसणार तो बघा. फोनचा पडदा ब्राउझरच्या हिशेबात साधारण ३६० रुंद असतो आणि दाट पडद्यावर त्याच्या तिप्पट, म्हणजे १०८० पिक्सेल. १०८० गुणिले ८१० म्हणजे पावणेनऊ लाख पिक्सेल. म्हणजे जवळजवळ चौदापट माल पाठवायचा आणि समोरच्या फोननं तो उतरवून घेऊन टाकून द्यायचा. डेटाचे पैसे त्याचे, वेळ त्याचा आणि बॅटरीही त्याचीच.

करायचं काय? फोटो अपलोड करायच्या आधी लहान करा. स्क्वूश हे ब्राउझरमध्ये चालणारं मोफत साधन मी वापरते. त्यात फोटो तुमच्याच मशीनवर आवळला जातो, कुठे पाठवला जात नाही. रुंदी १२०० ते १६०० ठेवा, प्रकार वेबपी निवडा, क्वालिटी ७५ च्या आसपास ठेवा. मधली रेघ डावी-उजवी ओढून मूळ आणि नवा फोटो शेजारी बघता येतो. आंब्याच्या सालीवरचे बारीक ठिपके, पैठणीचा काठ, भांड्यावरची चकाकी अशा ठिकाणी रेघ थांबवून बघा. तिथे फरक दिसत नसेल तर क्वालिटी आणखी पाच-दहा उतरवायला हरकत नाही. वेबपी आता सगळ्या चालू ब्राउझरमध्ये दिसतं. सफारीतही ते २०२० पासून आहे. एव्हीआयएफ हा त्याहून नवा प्रकार आणखी लहान होतो, पण मोबाइलवरून साइट चालवणाऱ्या माणसाला मी अजून वेबपीच सुचवते. ते उघडून बघणं, पुढे पाठवणं सोपं जातं.

फोटोला पीएनजी वापरू नका. पीएनजी लोगो, रेघांची आकृती, स्क्रीनशॉट यांच्यासाठी उत्तम. कलमांच्या बागेचा फोटो पीएनजीत ठेवला तर जेपीईजीच्या कितीतरी पट होतो. यादीत एखादी पीएनजी वर दिसली तर पहिला संशय तिच्यावर घ्या.

वर्डप्रेस असेल तर थोडी मदत आयती मिळते. २०१९ च्या ५.३ पासून ते २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो स्वतःच लहान करतं, आणि एकाच फोटोच्या अनेक मापांच्या प्रती ठेवून फोनला छोटी प्रत देण्याची सोय त्याच्या बरीच आधीपासून आहे. तरी काकांच्या साइटवर वजन का चढत होतं? कारण वरचा बॅनर फोटो म्हणून घातलेला नव्हता, पेज बिल्डरमध्ये (पान ओढून-जोडून बनवायच्या प्लगइनमध्ये) ‘बॅकग्राउंड’ म्हणून लावला होता. बॅकग्राउंडला ती मापं निवडायची सोय लागू होत नाही, फोनला २५६० चीच प्रत जाते. आणि स्लाइडर असेल तर अशा पाच-सहा. मी स्लाइडर काढून एकच फोटो ठेवला. काकांना आधी पटलं नव्हतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडपर्यंत थांबून बघणारं कोणी नसतं हे त्यांनीच घरातल्या मंडळींना साइट उघडायला लावून बघितलं.

‘लेझी लोडिंग’ म्हणजे फोटो नजरेच्या टप्प्यात आला की मगच मागवायचा. खालच्या फोटोंना ते जरूर लावा. सगळ्यात वरच्या फोटोला मात्र लावू नका, नाहीतर जो फोटो आधी दिसायला हवा तोच उशिरा येतो. फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहिलेली असू द्या, म्हणजे ओळी खालीवर उड्या मारत नाहीत.

फोटो कुठल्या वाटेनं परत जड होतात? घरातलं कोणीतरी व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतं, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की त्यानं क्वालिटी जात नाही. खरंच जात नाही, आणि वजनही जात नाही. वेबसाइटसाठी फोटो साधा फोटो म्हणूनच पाठवा, तो वाटेतच लहान होतो. आणखी एक फायदा असा, की मूळ फाइलच्या पोटात फोटो कुठे काढला ते ठिकाण नोंदलेलं असू शकतं, साधा फोटो म्हणून पाठवला की ते गळून जातं. घरातून धंदा करणाऱ्या बाईच्या घराचा पत्ता फोटोतून जगाला का कळावा?

चिकटवलेला मजकूर

ही मला सगळ्यात जास्त सापडणारी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट. यादीत मूळ पानच, म्हणजे एचटीएमएल फाइलच, वर आली असेल तर इथे बघा. एचटीएमएल १००-१५० केबीच्या वर गेलं की काहीतरी चुकलंय असं मी धरते.

वर्डमधून मजकूर फोटोसकट उचलून एडिटरमध्ये चिकटवला की काही एडिटर त्या फोटोची वेगळी फाइल करत नाहीत. तो फोटो अक्षरांच्या भेंडोळ्यात रूपांतर करून पानाच्या पोटातच ठेवतात. याला बेस-६४ म्हणतात. त्यात वजन एक तृतीयांशानं वाढतं, फोटो वेगळा कॅश होत नाही, लेझी लोडिंगचा उपयोग होत नाही, आणि भावाचा तक्ता त्या भेंडोळ्याच्या मागे रांगेत उभा राहतो. एडिटरच्या कोड दृश्यात जाऊन ‘बेस६४’ हा शब्द शोधा. सापडला तर तो फोटो काढा आणि नेहमीच्या रीतीनं अपलोड करा.

दुसरी गोष्ट खास आपल्या लिपीची. काही जुने एडिटर आणि कन्व्हर्टर देवनागरी अक्षर जसंच्या तसं न ठेवता त्याचा आकडा लिहितात. ‘म’ ऐवजी अँपरसँड, हॅश, २३५० आणि शेवटी अर्धविराम. तीन बाइटच्या जागी सात. ‘मराठी’ हा शब्द १५ चा ३५ होतो. पान दिसताना नीट दिसतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. कोडमध्ये मराठीच्या जागी आकड्यांची रांग दिसली तर एडिटरच्या सेटिंगमध्ये अक्षरं मूळ रूपात ठेवण्याचा पर्याय लावा, मजकूर एकदा साधा करून पुन्हा चिकटवा. कॉम्प्रेशन यातला बराच फुगवटा झाकून टाकतं हे खरं, पण उलगडून वाचायचं काम फोनलाच करावं लागतं.

आणि मजकूर फोटोतून देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली सूचना युनिकोडमध्ये येत नाही म्हणून लोक तिचा स्कॅन लावतात. शाळेची सूचना, पतसंस्थेच्या सभेचा अजेंडा, ग्रामदैवताच्या उत्सवाचा कार्यक्रम. तीनशे शब्दांची सूचना मजकूर म्हणून सहा-सात केबीची, आवळल्यावर दोनएक. तीच स्कॅन करून लावली की एक-दीड एमबी. शिवाय ती शोधून सापडत नाही, मोठी करून नीट वाचता येत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याच्या फोनला ती वाचून दाखवता येत नाही. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायला वीस मिनिटं लागतील. ती द्या.

यूट्यूब, नकाशा आणि विसरलेले पाहुणे

पानात यूट्यूबचा व्हिडिओ जोडला की कोणी प्ले दाबो न दाबो, प्लेअरची बरीच जावास्क्रिप्ट लगेच उतरते. दोन व्हिडिओ आणि एक नकाशा असला की तुमच्या स्वतःच्या मजकुरापेक्षा पाहुण्यांचंच वजन जास्त. व्हिडिओच्या जागी त्याचं छोटं चित्र ठेवा आणि क्लिक केल्यावर यूट्यूब उघडू द्या. नकाशाच्या जागी ‘नकाशात बघा’ अशी लिंक पुरते, फोनवर तर ती जास्त सोयीची, कारण थेट नकाशाचं ॲप उघडतं.

नेटवर्कच्या यादीत ‘डोमेन’ हा रकाना चालू करा आणि तुमचं नसलेलं प्रत्येक नाव वाचा. आधीच्या डेव्हलपरचं भेटींचं काउंटर, बंद पडलेल्या चॅट सेवेची स्क्रिप्ट, कुठल्याशा दिवाळीतल्या ऑफरचा पॉपअप. ज्याचं नाव ओळखता येत नाही त्याबद्दल साइटवर काम केलेल्या सगळ्यांना विचारा. कोणालाच ठाऊक नसेल तर स्वतः काढू नका, थांबा. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

देवनागरी फॉन्ट

इंग्रजी फॉन्टपेक्षा देवनागरी फॉन्ट मुळातच भरलेला असतो, कारण मूळ अक्षरांशिवाय जोडाक्षरांच्या आकृत्याही त्यात असतात. त्यात डिझायनरनं पातळ, नेहमीचा, मध्यम, जाड अशी अक्षरांच्या जाडीची चार ‘वजनं’ मागवली की चार फायली उतरतात. पानावर प्रत्यक्ष दोनच वापरलेली असतात. बाकीची काढा.

फॉन्टच्या फाइलचा प्रकार डब्ल्यूओएफएफ-२ असू द्या. त्याच्या आतच ब्रॉटली असतं, त्यामुळे त्याला वरून पुन्हा जीझिप लावून काही मिळत नाही. टीटीएफ फाइल सरळ पाठवली जात असेल तर फक्त प्रकार बदलून मोठी बचत होते.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फॉन्ट पाठवायचाच नाही. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, विंडोजवर निर्मला यूआय, ॲपलच्या उपकरणांवर कोहिनूर देवनागरी असतोच. भाव, पत्ता, वेळापत्रक वाचायचं असेल तर हे फॉन्ट उत्तम चालतात. मी मथळ्यांना एक सुंदर फॉन्ट ठेवते आणि मजकूर फोनच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये.

फॉन्ट कापून लहान करणार असाल तर जपून. मराठी न वाचणाऱ्या माणसानं कापलेला फॉन्ट मी दुरुस्त केलाय. त्यानं देवनागरी म्हणून जी अक्षरं ठेवली त्यात ‘ॲ’ नव्हता. हे अक्षर देवनागरीच्या पट्ट्यात बरंच शेवटी बसतं. परिणामी ‘ॲडव्हान्स बुकिंग’ या मथळ्यात पहिलं अक्षर वेगळ्याच वळणाचं आणि उरलेला शब्द वेगळा. दुसऱ्या एका ठिकाणी जोडाक्षरांचे नियमच गळाले होते, ‘क्ष’च्या जागी क, खाली हलन्त आणि शेजारी ष. कापल्यावर ही ओळ टाकून बघा: ‘दुसऱ्या तऱ्हेच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात बाळकृष्णाचं क्षीर, ज्ञान, श्री, राष्ट्र, बुद्धी, सगळ्यांचे ₹ ५०.’ यातलं एकही अक्षर हललं तर कापलेला फॉन्ट परत घ्या. आणि कोडमध्ये पानाची भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, अशी नोंदलेली ठेवा. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ ची मराठी वळणं त्या नोंदीवरच उमटतात.

परत येणाऱ्यांसाठी कॅश

दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला लोगो, फॉन्ट, सीएसएस पुन्हा पाठवायचं कारण नाही. ‘डिसेबल कॅश’ची टिक काढून पान पुन्हा उघडा. ‘ट्रान्सफर्ड’ आकडा एकदम खाली आला पाहिजे. येत नसेल तर ‘कॅश-कंट्रोल’ हेडर बघा. न बदलणाऱ्या फायलींना एक वर्ष, म्हणजे ३१५३६००० सेकंद, देतात. अट एकच, फाइल बदलली की तिचं नाव किंवा पुढचा आवृत्तीचा आकडा बदलला पाहिजे. नाहीतर ‘भाव बदलला तरी जुनंच दिसतंय’ अशी नवी तक्रार सुरू होते. मूळ पानाला मात्र वर्षाची कॅश कधीच लावू नका.

सर्व्हरची फाइल उघडता येत असेल तर

इथून पुढे चूक झाली तर पूर्ण साइट बंद पडू शकते. मूळ फाइलची प्रत आधी काढा.

एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये जीझिप मुळात बंद असतं. ते चालू केल्यावरही फक्त एचटीएमएल आवळलं जातं. सीएसएस, जावास्क्रिप्ट, जेसन, एसव्हीजी हे प्रकार ‘जीझिप टाइप्स’मध्ये स्वतः लिहावे लागतात. वर म्हटलेलं ‘पान आवळलेलं, बाकी उघडं’ याचं कारण बहुतेक वेळा हेच. मध्ये प्रॉक्सी, म्हणजे मागण्या पुढे पाठवणारा दुसरा सर्व्हर, असेल तर ‘जीझिप प्रॉक्सीड’ ही सेटिंगही बघा, तीही मुळात बंद असते. आणि पातळी मुळात १ असते, ती ५ किंवा ६ करा. त्याच्या वर प्रोसेसर जास्त दमतो, वजन नावापुरतं उतरतं.

फोटो, व्हिडिओ, डब्ल्यूओएफएफ-२ यांना जीझिप लावू नका. ते आधीच आवळलेले असतात. ब्रॉटली मजकुराला जीझिपपेक्षा बहुधा जास्त आवळतं. पण ब्राउझर ते एचटीटीपीएसवरच मागतात. न बदलणाऱ्या फायली एकदाच ११ पातळीला आवळून ठेवाव्यात, दर वेळी नव्यानं तयार होणाऱ्या पानांना ४-५ पुरे.

कॉम्प्रेशन चालू केल्यावर पानाच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसली किंवा ‘कंटेंट डीकोडिंग फेल्ड’ असा संदेश आला तर पान बहुधा दोनदा आवळलं जातंय, एकदा पीएचपीत (पान तयार करणाऱ्या कोडमध्ये) आणि एकदा सर्व्हरवर. पीएचपीतलं बंद करा, सर्व्हरचं ठेवा.

पहिल्या फेरीबद्दलही थोडं. नवं कनेक्शन जोडलं की सर्व्हर पहिल्या दमात साधारण दहा पाकिटं सोडतो, म्हणजे १४ केबीच्या आसपास, आणि मग पोच येण्याची वाट बघतो. आवळलेल्या पानाच्या त्या पहिल्या १४ केबीत नाव, भाव आणि फोन नंबर मजकुरात आला तर कमजोर रेंजमध्येही लोकांचं काम होतं. काकांच्या साइटवर मी भावाचा तक्ता मेनूच्या लगेच खाली आणला. हे कुठल्याही कॉम्प्रेशनइतकंच उपयोगी पडलं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

एचटीएमएलमध्ये तुम्ही न लिहिलेल्या लिंका दिसल्या, औषधांच्या किंवा जुगाराच्या, तर साइटमध्ये कोणीतरी घुसलंय. पानाचं वजन अचानक वाढण्याचं हेही एक कारण असतं. काहीही पुसू नका, कारण त्या कुठून आल्या याचा माग त्यांतच असतो. त्याच दिवशी सुरक्षेचं काम करणाऱ्याला बोलवा. ओळख न पटलेली स्क्रिप्टही याच खात्यात धरा.

लॉगिन आणि पैसे भरायची पानं. तिथे कॉम्प्रेशनच्या सेटिंगशी खेळू नका. आवळलेल्या पानाच्या लांबीवरून त्यातलं गुप्त टोकन (ओळख पटवणारा संकेत) ओळखणारा ब्रीच नावाचा हल्ला २०१३ साली दाखवला गेला होता. त्याची काळजी कशी घ्यायची ते ज्यानं ते पान बांधलं त्यानं ठरवावं.

शेकडो पानांतले बेस-६४ फोटो डेटाबेसमधून एका फटक्यात काढायचा मोह होईल. वर्डप्रेसमध्ये काही नोंदी लांबीच्या आकड्यासकट साठवलेल्या असतात, साधं शोधा-आणि-बदला केलं तर त्या मोडतात. पाच-दहा पानं हातानं करा, त्यापुढे माणूस लावा.

जड फाइल थीमची किंवा पेज बिल्डरची एकच मोठी जावास्क्रिप्ट असेल, तर तिचे तुकडे करणं हे डेव्हलपरचं काम आहे. ‘न वापरलेलं’ म्हणून दिसणारा भाग मेनू उघडताना किंवा फॉर्म भरताना लागत असू शकतो.

आणि सेटिंग बदलल्यावर ‘५००’ची चूक (सर्व्हरच्या आत काहीतरी बिघडल्याचा संदेश) आली तर जुनी प्रत परत ठेवा, साइट उघडल्याची खात्री करा आणि तिथेच हात थांबवा. ऐन हंगामात तर नक्कीच.

बोलावताना पहिल्या दिवशीचा स्क्रीनशॉट, आत्तापर्यंत काय काय बदललं त्याची तारखेसह नोंद, आणि होस्टिंगचं पॅनेल कुठलं एवढं द्या. पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका, वेगळं तात्पुरतं खातं काढून द्या आणि काम झालं की बंद करा. पैसे देण्यापूर्वी त्याच लॅपटॉपवर, त्याच रीतीनं, इन्कॉग्निटोमध्ये पुन्हा मोजून घ्या. काकांकडे आधीचा आणि नंतरचा असे हे दोन्ही आकडे आता अढीच्या खोलीतल्या फळ्यावर खडूनं लिहिलेले असतात, आणि गुढीपाडव्याला फोटो चढवायच्या आधी त्यांची सून ते पुसून नवे लिहिते.